बॉयलरकाकांचा पाइप

बॉयलरकाका निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी घरच्या गॅसची तपासणी केली. काकू चहा ठेवायला आल्या, तर काका शेगडीपुढे वाकून, एक डोळा मिटून ज्योतीकडे बघत उभे.

“पिवळी आहे,” काका म्हणाले.

“काय?”

“ज्योत. निळी पाहिजे. हवा कमी पडतेय तिला. इतकी वर्षं तू असल्या ज्योतीवर स्वयंपाक करतेस?”

“इतकी वर्षं तुम्ही तोच जेवताय,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी पातेलं पिवळ्या ज्योतीवर चढवलं.

बॉयलरकाका हे नाव त्यांना इस्पितळात पडलं होतं आणि पुढे ते त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याला लागून, एक बुटकी विटांची इमारत होती. तिच्यात दगडी कोळशावर चालणारा बॉयलर होता आणि बॉयलरपुढे हातात फावडं घेतलेले काका होते. त्या वाफेवर इस्पितळाच्या चादरी उकळत, रोग्यांचं जेवण शिजे, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वरच्या मजल्यावर ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक होत. भिंतीवर एक गोल तबकडी होती, तिच्यात काटा होता आणि एक लाल खूण होती. काटा खुणेखाली उतरला की वरून फोन येई, की वाफ कुठाय, ऑपरेशन अडलंय. काकांच्या पाळीत हा फोन कधीच वाजला नाही. हे काका स्वतःच सांगत, तरी ते खरं होतं.

थोडक्यात काय, तर आग विझता कामा नये, एवढा एकच धर्म काकांनी जन्मभर पाळला. राख साचली की काढायची, निखारा उघडा ठेवायचा, खालून हवा द्यायची आणि काट्यावरची नजर हलवायची नाही. मग इस्पितळाने नवा बॉयलर आणला. बटण दाबलं की पेटतो, बटण दाबलं की विझतो. काकांचं वयही झालंच होतं. निरोपाची भाषणं झाली, भिंतीवर लावायचं एक घड्याळ मिळालं आणि काका घरी आले.

घरी काय होतं? दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक अरुंद गॅलरी आणि काकू. काकांनी जे होतं त्यावर भागवलं. दूध तापत असलं की ते दुधाजवळ उभे राहत. न्हाणीघरातल्या गिझरला कान लावत. शेगडी कधी पुसायची, भांडं ज्योतीच्या मधोमध का ठेवायचं, झाकण किती उघडं असावं, यावर त्यांची मतं होती आणि ती मतं ते मागितल्याशिवाय देत. काकूंच्या नाकी नऊ आले.

“अहो, तुमच्या बॉयलरमध्ये मी कधी डोकं घातलं होतं का?” एकदा त्या म्हणाल्याच.

“तुला समजलं नसतं त्यातलं.”

“तेच म्हणतेय मी.”

काका गप्प बसले. पण किती वेळ, तर तो चहा उकळेपर्यंतच.

अशा वेळी काकूंचा धाकटा भाऊ सहज म्हणून येऊन टपकला. हा मेहुणा पुस्तकं बांधायचा. पानं शिवायची, पाठीला सरस लावायचा, पुस्तक दाबयंत्रात घालून आवळायचं आणि मग सरस वाळायची वाट बघत बसायचं, असा त्याचा धंदा. वाट बघणं हाच निम्मा धंदा असल्यामुळे माणूस अगदी सावकाश झाला होता. जिना चढतानासुद्धा तो मध्ये थांबून खिडकीतून बाहेर बघायचा. तो पाइप ओढायचा. काकांसाठी त्याने एक नवा पाइप, तंबाखूचा डबा आणि तंबाखू दाबायची बोटभर दांडी असं सगळं आणलं होतं.

“भावोजी, ही तुमच्या निवृत्तीची भेट.”

“मी कधी ओढलेलं नाही काही. बॉयलरपाशी बंदी असायची.”

“म्हणूनच. आता बॉयलर कुठाय?” मेहुण्याने गॅलरीत दोन खुर्च्या टाकल्या. “यात शिकण्यासारखं फार काही नाही. तंबाखू बोटांनी मोकळी करायची. पहिली चिमूट नुसती आत सोडायची, दाबायची नाही. दुसरी हलकेच दाबायची, बाळाचा गाल दाबतो ना, तशी. तिसरी जरा घट्ट. मग काडी लावायची. पहिल्या काडीला तंबाखू फुगून वर येते. तिला दांडीने खाली बसवायची आणि दुसरी काडी लावायची. झालं.”

“आणि ओढायचं कसं?”

“गरम चहाचा पहिला घोट घेतो ना आपण, बेताबेताने, तसं. धूर तोंडातच ठेवायचा, छातीत नाही घ्यायचा.”

“वर राख जमली की काढायची?”

“छे, छे. राहू द्यायची. निखाऱ्यावरचं पांघरूण असतं ते.”

काकांच्या कपाळावर आठी उमटली. “आणि विझला तर?”

“विझला तर विझला. पुन्हा पेटवायचा. नाहीतर नाही पेटवायचा. मी तर अर्ध्या वेळा विझलेलाच तोंडात धरून बसतो.”

काकांनी मेहुण्याकडे दयेने पाहिलं. राखेचं पांघरूण म्हणे! आग विझली तर विझली म्हणे! या माणसाच्या हाती बॉयलर दिला असता तर वरच्या मजल्यावर निम्मे रोगी भूल दिलेल्या अवस्थेत तसेच पडून राहिले असते. पण पाहुणा माणूस, त्यातून सासरचा. काकांनी तंबाखूच्या डब्याचं झाकण लावलं. मेहुणा संध्याकाळच्या गाडीने त्याच्या गावी परत गेला आणि काकांनी पाइपचा कारभार आपल्या पद्धतीने हातात घेतला.

काकांची पद्धत सांगायला नको. पाइप भरायचा तो ठासून. पेटला की राख दिसेल तेवढी खरवडून काढायची. काकूंच्या विणकामाच्या सुईने मधोमध भोक पाडून निखाऱ्याला हवा द्यायची. आणि मग भाता मारल्यासारखं ओढत सुटायचं, न थांबता, पाइप संपेपर्यंत. एकदा पेटवलेला पाइप मध्ये विझला, असं काकांच्या हातून एकदाही झालं नाही. गॅलरीतून धुराचे लोट निघत. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई पहिल्याच दिवशी ओरडली, “काही जळतंय का हो वर?”

“नाही, नाही!” काका अभिमानाने म्हणाले. “व्यवस्थित चालू आहे!”

पाइप इतका तापे की तो हातात धरवत नसे. मग काका स्वयंपाकघरातून काकूंचं भांडी उतरवायचं फडकं घेऊन येत आणि त्यात पाइप धरत. याला आराम म्हणतात, अशी त्यांची समजूत होती. घाम पुसत, डोळे बारीक करून, पाऊण तास ते आराम करत. त्या वेळात आत काकू एकट्याच स्वयंपाक करत आणि करता करता गुणगुणत. ते गुणगुणणं काकांच्या कानावर पडायचं आणि त्यांना बरं वाटायचं. बाई अलीकडे खुशीत दिसते, एवढंच त्यांच्या मनात येई.

महिनाभराने जिभेची कड चुरचुरायला लागली. आधी तिखटाने, मग चहाने, मग नुसत्या पाण्यानेही. एका सकाळी काकांनी न्हाणीघरात जाऊन दार लोटलं, आरशासमोर जीभ बाहेर काढली. जिभेच्या डाव्या कडेला नखाएवढा पांढरट चट्टा होता.

इस्पितळात नोकरी केलेल्या माणसाला सगळे रोग अर्धे अर्धे माहीत असतात, आणि अर्धा रोग पुऱ्या रोगापेक्षा वाईट. धुलाईखान्यातला एक जण असंच जिभेचं काही घेऊन वरच्या मजल्यावर भरती झाला होता. त्याच्या चादरी धुवायला खाली येत राहिल्या. तो आला नाही. काकांनी जीभ आत घेतली, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन काकूंना विचारलं की चहा झाला का. झाला होता. तो त्यांनी निववून प्यायला.

आपल्या इस्पितळात जायची सोयच नव्हती. तिथे सकाळी गेलं तर दुपारपर्यंत स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत सगळ्यांना कळलं असतं. म्हणून गल्लीच्या टोकाला दातांची एक तरुण डॉक्टरीणबाई होती, तिच्याकडे काका गेले. तिने छोटा आरसा घालून जीभ उलटसुलट पाहिली.

“काका, तंबाखू खाता?”

“खात नाही. पाइप ओढतो. म्हणजे, महिनाच झालाय.”

“कसा ओढता? दाखवा बघू.”

काकांनी रिकाम्या मुठीचा पाइप केला, गाल आत घेतले आणि असा काही दम मारला की डॉक्टरीणबाईंना हसू आवरण्यासाठी खिडकीकडे बघावं लागलं.

“पाइप ओढता की आगगाडी चालवता? काका, भाजलंय हे. मला तरी भाजल्यासारखंच दिसतंय. आता असं करा, पंधरा दिवस पाइप बंद, तिखट बंद, गरम बंद. बरं झालं तर प्रश्नच मिटला. नाहीच झालं, तर एक लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवू.”

“तुकडा?”

“तशी वेळ येईल असं वाटत नाही मला.”

पण हे शेवटचं वाक्य काकांपर्यंत पोचलंच नाही. ते तुकड्यापाशीच थांबले होते. इस्पितळातला तुकडा म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. तुकडे वर जात आणि खाली कागद येत, आणि कागद आल्यावर नातेवाईक जिन्यात बसून रडत. पन्नास वेळा त्यांनी ते कोळशाची गाडी ढकलता ढकलता पाहिलं होतं.

घरी येईपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं की काकूंना काही सांगायचं नाही. सांगून काय होणार? तीही घाबरणार. दोघांनी घाबरण्यापेक्षा एकाने घाबरलेलं बरं. पाइप, डबा आणि दांडी त्यांनी फळीवर सर्वांत वर ठेवून दिली.

“ओढत नाही का आज?” काकूंनी विचारलं.

“कंटाळा आला.”

“बरं,” काकू म्हणाल्या. त्या भाजी निवडत राहिल्या.

आणि त्या दिवसापासून काका सुधारले. म्हणजे लोक ज्याला सुधारणं म्हणतात ते. सकाळी शेगडीची ज्योत पिवळी दिसली तरी ते काही बोलले नाहीत. आता राहिलेल्या दिवसांत त्या बिचारीला कशाला छळायचं? दूध उतू गेलं तर त्यांनी स्वतः ओटा पुसला. घरातल्या विजेचा फ्यूज कसा बदलायचा, गॅसची टाकी बदलताना रबरी नळी कशी तपासायची, हे त्यांनी काकूंना समजावून दिलं. काकूंनीही ते निमूटपणे शिकून घेतलं. एरवी “तुम्ही आहात की,” म्हणाल्या असत्या. या वेळी म्हणाल्या नाहीत, हे काकांना कुठेतरी लागलं.

एका दुपारी तर भाजीत मीठच नव्हतं. नावालासुद्धा नव्हतं. काका मनात म्हणाले, जाऊ दे, अजून किती वेळा तिच्या हातचं खायचंय आपल्याला?

“छान झालीय भाजी,” ते म्हणाले.

काकूंचा घास हातात राहिला. “छान झालीय?”

“हो तर. आणि असं कर, तुझ्या ताईंना बोलावून घे. महिनाभर राहू देत आपल्याकडे.”

आता ही ताई म्हणजे काकूंची मोठी बहीण. बाईंचा आवाज असा, की त्यांनी फोन केला तर फोन उचलायची गरज पडू नये. जिभेला हाड नसतं म्हणतात, ताईंच्या जिभेला थकवाही नव्हता. लग्न झाल्यापासून काकू ताईंना राहायला बोलवायचं म्हणत होत्या आणि लग्न झाल्यापासून काका जागा लहान असल्याचं सांगत होते.

“कुणाला?” काकूंनी पुन्हा विचारलं.

“ताईंना. बहिणी बहिणी आहात, बसा बोलत. तुला सोबत होईल.”

सोबत हा शब्द तोंडातून निघून गेल्यावर काकांना वाटलं, चुकलंच. पण काकूंनी काही विचारलं नाही. त्या ताट उचलून आत गेल्या आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

त्यात भर म्हणजे काकूही बदलल्या होत्या. चहा त्या स्वतःच निववून आणत. स्वयंपाकात मिरची दिसेनाशी झाली. सगळं मऊ, सगळं कोमट. भांडण नाही, टोमणा नाही, “अहो, बाजूला व्हा” नाही. दोघं एकमेकांना वाट देत, एकमेकांचं ऐकून घेत, आणि घरात इतकी सभ्यता माजली की काकांना रात्रंदिवस कुणाच्या तरी घरी पाहुणे गेल्यासारखं वाटू लागलं. जन्मभर भांडली, आणि आता जायच्या वेळी बाईचा स्वभाव सुधारला, काका मनात म्हणत. हा कुठला न्याय? एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली. स्वयंपाकघरातलं गुणगुणणं बंद झालं होतं.

आरशासमोर जाणं काकांनी सोडून दिलं होतं. बघायची हिंमतच नव्हती. झोंबणं कमी झालंय असं वाटे, पण रोग आत गेला की वरून बरं वाटतं, असंही त्यांनी इस्पितळात कुणाकडून तरी ऐकलं होतं. अखेर तो पंधरावा दिवस उजाडला. “जरा चक्कर मारून येतो,” असं सांगून ते निघाले. “सावकाश या,” काकू म्हणाल्या आणि दारात उभ्या राहिल्या. एरवी कधी उभ्या राहत नसत.

डॉक्टरीणबाईंनी आरसा घातला. जीभ उजवीकडे केली, डावीकडे केली, दिवा जवळ ओढला. काकांनी डोळे गच्च मिटून घेतले.

“काका, काही नाही इथे.”

“म्हणजे?”

“म्हणजे जीभ स्वच्छ आहे. भाजलं होतं, बरं झालं.”

“आणि तुकडा?”

“कशाचा तुकडा? बरी झालेली जीभ कापू?”

काका उठले आणि पुन्हा खुर्चीत बसले. “जरा बसू का इथेच?” त्यांनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी पाणी दिलं. ते त्यांनी घटाघटा प्यायलं आणि मग एवढा मोठा “हुश्श” केला की बाहेर बसलेला रोगी आत डोकावून गेला.

“आता ऐका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पाइप सोडलात तर सोन्याहून पिवळं. मी डॉक्टर आहे, मी तेच सांगणार. आणि ऐकणारच नसाल, तर निदान कधीतरीच ओढा, आणि त्याला भट्टी समजू नका. विझत असेल तर विझू द्या की.”

“विझू देऊ?”

“मग काय होईल?”

काकांनी खिशातून तपासणीचे पैसे काढले आणि दोनदा मोजले.

रस्त्यावर आले तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला होता, आणि जीव आल्याबरोबर तो त्याच्या जुन्या जागी जाऊन बसला. कोपऱ्यावरच्या खानावळीची शेगडी रस्त्यावरून दिसायची. काका तिच्यापुढे थांबले.

“ज्योत पिवळी आहे तुमची. गॅस फुकट जातोय.”

“तुम्हाला काय करायचंय, आजोबा?” खानावळवाला म्हणाला.

काकांना इतकं बरं वाटलं की काय सांगावं. पंधरा दिवसांत त्यांच्यावर कुणी खेकसलं नव्हतं. ते जवळजवळ पळतच जिना चढले. काकू स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या होत्या. काका दारातूनच गरजले, “ही ज्योत पुन्हा पिवळी! हजारदा सांगितलं, शेगडीची भोकं साफ कर, भोकं साफ कर! आणि परवा त्या भाजीत मीठ नव्हतं. अळणी होती. आजारी माणसाला देतात तसली!”

काकूंच्या हातातला डाव खाली पडला. त्या वळल्या, काकांच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग तिथल्या स्टुलावर बसून त्यांना रडूच कोसळलं.

“अगं, मीठच म्हटलं मी,” काका गडबडले. “घालायचं राहतं एखाद्या वेळी.”

“काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?”

“कोण डॉक्टरीणबाई?”

“आता पुरे हं! काही नाही म्हणाल्या ना? सांगा ना, काही नाही ना?”

“काही नाही,” काका म्हणाले. “भाजलं होतं. बरं झालं. तुला कुणी सांगितलं?”

“न्हाणीघराचं दार नीट लागत नाही, हे मी तुम्हाला किती वर्षं सांगतेय? जीभ काढून उभे होतात आरशासमोर. त्यात शिंपीणबाईंनी तुम्हाला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात शिरताना पाहिलं. आणि पाइप वर ठेवलात, चहा निववून प्यायला लागलात. मला डोळे नाहीत?” काकूंनी नाक पुसलं. “तरी मी मनाला समजावत होते. पण तुम्ही बोलायचेच थांबलात. ज्योत पिवळी तर पिवळी. दूध उतू गेलं तर गेलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची तर एका दिवसात गेली. मग मी काय समजायचं?”

काका जवळच ओट्याला टेकून उभे राहिले.

“म्हणून भाजीत मीठ घातलं नाही मी,” काकू म्हणाल्या. “मुद्दाम. म्हटलं, आता तरी बोलतील. आता तरी ओरडतील. आणि तुम्ही म्हणालात, छान झालीय. वर ताईंना बोलाव म्हणालात! तुम्ही, ताईंना! मी आत जाऊन नळ सोडून रडले.”

“मग विचारलं का नाहीस?”

“तुम्ही सांगितलं का नाहीत?”

शेगडीवर काहीतरी करपायला लागलं होतं. काकांनी हात लांब करून गॅस बंद केला.

“मी घाबरलो होतो गं,” ते म्हणाले. “फार घाबरलो होतो.”

“आणि मी?” काकू म्हणाल्या. “तो पाइप मीच आणायला लावला होता. मीच भाऊला म्हटलं, यांना तासभर कुठेतरी बसव रे बाबा, माझं डोकं उठलंय. मला घरात जरा शांतता हवी होती. एवढ्याचसाठी. आणि त्यापायी तुम्हाला काही झालं असतं तर? पंधरा दिवस मी हेच घोकत होते.”

काकांना आता उलगडा झाला. मेहुणा सहज म्हणून आला नव्हता तर. एरवी या गोष्टीवरून त्यांनी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं असतं.

“मिळाली का मग शांतता?” त्यांनी विचारलं.

“मिळाली.”

“कशी होती?”

काकूंनी खरं काय ते सांगितलं. “पहिला महिना छान होती. नंतरची नको होती.”

आणि दोघंही हसायला लागले. काकू रडत रडत हसत होत्या, आणि डोळे पुसायला त्यांनी हाताशी आलं ते फडकं घेतलं, तर ते पाइप धरून धरून जळलेलं निघालं. त्याला मधोमध तपकिरी डाग पडला होता. ते बघून त्या आणखी हसल्या.

ताई त्याच संध्याकाळी दाखल झाल्या, तीन ट्रंका आणि महिनाभराची बातमीपत्रं घेऊन. बोलावणं मागे घ्यायला उशीर झाला होता. काकांनी ट्रंका वर चढवल्या आणि कण्हलेही नाहीत. काकूंनी एकदा दचकून त्यांच्याकडे पाहिलं. तेव्हा काका त्यांच्या कानाशी येऊन, “एका ट्रंकेत नुसते दगड असणार,” असं पुटपुटले आणि काकूंचा जीव भांड्यात पडला.

रविवारी मेहुणाही आला. बहिणीने त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. तो शरमून गेला होता आणि पाइप परत न्यायला तयार होता. पण काका म्हणाले, “न्यायचा काय? नीट शिकव.”

काकूंनी आपली अट घातली. पाइप ओढायचा तर फक्त रविवारी, एकच, आणि काडेपेटी राहणार त्यांच्याकडे. काडी हवी तर मागायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते त्यांनी काकांकडून तीनदा वदवून घेतलं होतं. काकांनी मुकाट्याने मान डोलावली. मग गॅलरीत तीन खुर्च्या टाकल्या, दोघांच्या मागे काकूंची.

काकांनी तंबाखू मोकळी केली. पहिली चिमूट नुसती सोडली. दुसरी दाबताना बोटं जड पडायला लागली, तसा मेहुणा म्हणाला, “बाळाचा गाल, भावोजी, बाळाचा गाल.” काकांनी बोट उचललं. काकूंनी काडी दिली. तंबाखू फुगून वर आली, दांडीने खाली बसली, दुसरी काडी लागली. मग काकांनी गरम चहाचा पहिला घोट घेतात तसा एक घोट घेतला आणि थांबले. धूर तोंडातून आपसूक बाहेर आला, पातळसा. जीभ झोंबली नाही. पाइप हाताला नुसता ऊबदार लागत होता, फडक्याची गरज नव्हती. गंमत म्हणजे तंबाखूला चव होती. महिनाभर ओढूनही ती काकांना माहीत नव्हती.

“लोट कुठे गेले आज?” खालून शिंपीणबाईंनी विचारलं.

“बंद केले!” काकांनी उत्तर दिलं.

मेहुणा त्याच्या एका पुस्तकाची गोष्ट सांगत होता. एका गिऱ्हाईकाने शेवटची पानं उलटी लावून घेतली आणि ते तसंच बांधून द्या म्हणून हटून बसलं. काका ऐकत होते. पाइपच्या वाटीत वरती राख जमत होती. एकदोनदा बोट तिकडे वळलं, पण त्यांनी ते आवरलं. आतून ताईंचा आवाज आला, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा. “अगं, तुमच्या गॅसची ज्योत पिवळी का गं?”

काका खुर्चीतून अर्धे उठले. काकूंनी मागून बाही धरली.

“बसा. ताई बघून घेईल.”

काका बसले. एवढ्या गडबडीत पाइपकडे लक्ष राहिलं नाही. त्यांनी ओढून पाहिलं तर धूर नव्हता. वाटीत नुसती करडी राख, आत कुठे लाल ठिपकासुद्धा नव्हता. त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. काकू बघतच होत्या. त्यांनी न मागता काडेपेटी पुढे केली.

“विझला,” त्या म्हणाल्या.

काकांनी पाइपकडे पाहिलं. जन्मभरात पहिल्यांदाच त्यांच्या हातातली आग विझली होती. त्यांनी कान देऊन ऐकलं. कुठेही फोन वाजला नाही.

“असू दे,” काका म्हणाले. “कुणाचं ऑपरेशन अडलंय?”

त्यांनी विझलेला पाइप तसाच तोंडात धरला आणि पाय लांब केले. काकूंनी काडेपेटी मांडीवर ठेवली आणि त्या गुणगुणायला लागल्या.